तीन प्रती आणि एक गुलाब

आमच्या घरात बाबांच्या फोटोंच्या तीन प्रती होत्या आणि त्या तिन्ही एकाच दिवशी वारल्या.

हे माझ्यासारख्या माणसाच्या घरात घडावं, याचंच मला जास्त वाईट वाटलं. मी ऑकलंडच्या एका हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे एकाने काढलेली गोळी दुसऱ्याने तपासल्याशिवाय खिडकीबाहेर जात नाही. ही सवय माझ्या हाडीमासी इतकी खिळली आहे की, घरातून निघताना मी कुलूप दोनदा ओढून बघतो, पासपोर्ट तीनदा चाचपतो आणि गाडी रस्त्याला लागली की गॅस बंद केला होता का, हे बघायला परत येतो. माझी बायको स्वाती पाहुण्यांना सांगते, "लग्नाला होकार दिल्यावर यानं मला दोनदा विचारलं होतं, नक्की ना? मला वाटलं, याला ऐकायला कमी येतं." (हे खोटं आहे. तीनदा विचारलं होतं.)

तर दोन वर्षांपूर्वी पुण्यातला फ्लॅट विकला आणि आई कायमची आमच्याकडे, ऑकलंडजवळच्या पापाकुराला यायला निघाली. बाबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. कपाटातून अकरा अल्बम निघाले. मी ते वजनकाट्यावर ठेवले. चौदा किलो!

"मी साड्या कमी करते," आई म्हणाली.

"आई, प्रश्न साड्यांचा नाही, प्रश्न काळाचा आहे," मी म्हणालो. (मी असा बोलतो. लोक सहन करतात.) "कागद पिवळा पडतो, कसर लागते. मी सगळे स्कॅन करतो."

दहा दिवस मी स्कॅनरपुढे बसून होतो. निम्म्या फोटोंत ओळखीचं कुणीच नव्हतं, नुसती लग्नातली जेवणारी माणसं होती. त्यांना वगळून दोनशे बारा फोटो उरले. आईची धाकटी बहीण, कुमुदमावशी, साताऱ्याहून आवराआवरीला आली होती. ती सारखी मोबाइल घेऊन अल्बमभोवती घुटमळायची, म्हणून मी तिला दर अर्ध्या तासाने चहा करायला पाठवत होतो. शेवटच्या दिवशी अल्बम रद्दीत गेले. आईने रद्दीवाल्याला जिन्याच्या वळणापर्यंत पोचवलं, जणू तो अकरा जणांना सासरी नेत होता.

मग मी तिच्या हातात ती पोर्टेबल ड्राइव्ह ठेवली. काळी, चपटी, नारळाच्या वडीएवढी.

"यात हे आहेत?" आईने विचारलं. बाबांना ती 'हे' म्हणते.

"यात. आत फिरणारा एकही भाग नाही, आई. पडली तरी काही होत नाही. यात अजून पन्नास बाबा मावतील."

"नको रे बाबा," आई म्हणाली, "एकाचंच करता करता जन्म गेला."

पापाकुराला आल्यावर मी त्या वडीसाठी ड्रॉवरमध्ये मखमली पिशवी केली. क्लाउडवर फोटो ठेवावेत असं स्वातीचं म्हणणं होतं. "आपल्या बाबांना परक्याच्या कॉम्प्युटरवर कशाला?" असं म्हणून मी तो विषय मिटवला. लॅपटॉपवरचे फोटो मी पुसले, कारण लॅपटॉप हळू चालायला लागला होता. पण तीन प्रती केल्या होत्या! वारंवार, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हे सांगत असे. "तीन प्रती आहेत. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी."

मागच्या वर्षी आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. दसरा गुरुवारी, वाढदिवस रविवारी. पापाकुरातला एक हॉल घेतला, साठ माणसं बोलावली, सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानात मिठाई सांगितली. आईला काय हवं, असं विचारलं तर तिने एकच गोष्ट मागितली. "तो हसतानाचा फोटो मोठा करून दाखव. भिंतभर."

हा फोटो समजल्याशिवाय पुढची भानगड समजणार नाही. आमचे बाबा फोटोत हसत नसत. लग्नात, मुंजीत, बारशात, सगळीकडे ते पासपोर्टला उभं राहिल्यासारखे दिसतात. फक्त एकदा, लग्नानंतर सहा महिन्यांनी, त्यांनी मित्राचा कॅमेरा आणला आणि आईच्या हातात दिला. आईने आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा धरला, तो उलटा. खटका दाबला. त्या फोटोत आईचा एक डोळा आणि अर्धं कुंकू आलं आहे. बाबा पोट धरून हसायला लागले आणि आईने चिडून कॅमेरा सुलटा करून दुसरा खटका मारला. तोच तो फोटो. बत्तीस दातांचे बाबा. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात एवढाच एक पुरावा होता की हा माणूस तिच्यावर खूश होता.

दसऱ्याला सकाळी आईने पाट मांडला. आमच्याकडे दसऱ्याला ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, स्वाती क्लिनिकमध्ये नर्स आहे म्हणून तिचा स्टेथोस्कोप, आमची तेरा वर्षांची मुलगी इरा हिचा नेटबॉल. आपट्याची पानं इथे कुठली, म्हणून मागच्या अंगणातल्या फेजोआ नावाच्या फळझाडाची पानं. बाबा गेल्यापासून आई स्वतः कुंकू लावत नाही, पण वस्तूंना लावताना तिचा हात सढळ असतो.

"यांची वडी आण की," ती म्हणाली.

मीच आणली. मखमली पिशवीतून काढली. आडवी ठेवली तर नेटबॉलच्या मागे दिसेना, म्हणून मीच ती उभी केली, लॅपटॉपला टेकवून. केबलचं भोक वरच्या बाजूला! आईने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता त्या वडीवर वाहिल्या.

शुक्रवारी मी सुट्टी घेतली होती. दुपारी लॅपटॉप उघडला, वडीला केबल लावली आणि वाट बघितली.

काही नाही.

एरवी एक निळा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकला नाही. केबल काढली, लावली. उलटी लावली, सुलटी लावली.

"डॅड, ट्राय अनदर केबल," इरा सोफ्यावरूनच म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, बोलायची वेळ आली की मात्र इंग्रजी.

दुसरी केबल. तिसरी केबल. स्वातीचा लॅपटॉप. इराचा शाळेचा लॅपटॉप. पाचव्या प्रयत्नाला माझ्या कपाळावर घाम आला आणि मी वडी चष्म्याजवळ नेऊन आत बघितलं. भोक लालभडक होतं.

"आई!"

आई स्वयंपाकघरातून धावत आली. पायात मोजे आणि मोज्यांवर जॅन्डल्स, म्हणजे इथल्या रबरी स्लिपर, हाताला कणीक.

"काय केलंस हे! आत कुंकू भरलंयस! सगळे फोटो गेले! बाबांचा एक फोटो राहिला नाही, एक!"

मी ओरडलो. पन्नाशीकडे निघालेला माणूस पंचाहत्तरीच्या बाईवर ओरडला. इराने फोन खाली ठेवला, यावरून आवाजाचा अंदाज यावा.

आईने कणकेचे हात पदराला पुसले. वडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे हे पुन्हा गेले," ती म्हणाली.

आणि खोलीत गेली. जाताना तिने देवघरातला कुंकवाचा करंडा उचलला आणि आपल्या कपाटात, पार मागे, स्वेटरांच्या खाली ठेवून दिला. आत्ता मी तिच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण मला राग आला होता आणि रागापेक्षा भीती जास्त होती. तेव्हा मी जाऊन टूथब्रश आणला.

टूथब्रश झाला. टूथपिक झाली. हेअर ड्रायर झाला. मग कुणीतरी सांगितल्याचं आठवून मी वडी तांदळाच्या डब्यात खोचली.

"ती भिजली नाहीये," स्वाती म्हणाली.

"तांदूळ काहीही ओढून घेतो."

"कुंकू? मिलिंद, पेशंटनं घरी असले उपाय केले तर तू काय म्हणतोस? ठेव ते आणि उद्या माणसाकडे ने. आणि आईंशी बोल. त्या जेवल्या नाहीत."

मी आईच्या दारापर्यंत दोनदा गेलो. (दोनदा, माझ्या सवयीप्रमाणे.) दोन्ही वेळा आतून काहीच आवाज आला नाही आणि दोन्ही वेळा मी परत आलो.

शनिवारी सकाळी इराला घेऊन मी बॉटनी डाउन्सच्या पलीकडे एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. ग्लेन नावाचा, आडव्या बांध्याचा, शांत माणूस. इथल्या ऑक्टोबरच्या गारठ्यातही चड्डी. "किया ओरा," म्हणाला, म्हणजे इथला नमस्कार, आणि वडी हातात घेतली. आतल्या तांदळाचा एक दाणा त्याच्या टेबलावर पडला. त्याने तो बोटाने बाजूला सारला.

"हे लाल काय आहे? तिखट?"

"नाही. ते धार्मिक आहे," मी म्हणालो.

त्याने भिंगाखाली धरून, बारीक ब्रशने, स्पिरिटने सगळं साफ केलं. कुंकू निघालं, हळद निघाली, अर्धी अक्षत निघाली. पोर्ट नव्यासारखा चमकायला लागला. त्याने केबल लावली. मी श्वास धरला. इराने माझी बाही धरली.

काही नाही.

मग त्याने वडी उघडली, सुया लावून इथे मोजलं, तिथे मोजलं. एक मशीन लावलं. वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात मी सगळ्या देवांना जी आश्वासनं दिली, ती पाळायची तर मला नोकरी सोडावी लागेल.

"या, ना," ग्लेन शेवटी म्हणाला. (इथे 'हो, नाही' असं एका दमात म्हणतात आणि त्याचा अर्थ 'नाही' असतो.) "लाल पावडरचा काही दोष नाही, मित्रा. ती आतपर्यंत गेलीच नव्हती. आतला कंट्रोलर, म्हणजे हिचा मेंदू, गेलाय. ती आपोआप मेली."

"आपोआप? पण हिच्यात फिरणारा एकही भाग नाही!"

"तेच तर. जुन्या हार्डडिस्क मरायच्या आधी खरखर करायच्या, माणूस सावध व्हायचा. या बोलत नाहीत. आज चालतात, उद्या नाही. डेटा काढणारे तज्ज्ञ आहेत, पण काही आठवडे लागतील आणि निघेलच असं नाही." मग त्याने साध्या आवाजात विचारलं, "बॅकअप असेल ना?"

"आहे! तीन प्रती आहेत!" मी ताठ झालो.

"स्वीट ॲज. मग काळजीच नाही. कुठे आहेत?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

कारण त्या क्षणापर्यंत, शपथेवर सांगतो, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. 'फोटो' नावाचं एक फोल्डर होतं. 'फोटो कॉपी' नावाचं दुसरं. 'फोटो कॉपी फायनल' नावाचं तिसरं. आणि ती तिन्ही फोल्डरं...

मी बोटाने त्याच्या हातातल्या वडीकडे दाखवलं.

ग्लेनने वडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, मग इराकडे. न्यूझीलंडचा माणूस कुणाला तोंडावर मूर्ख म्हणत नाही. त्याने फक्त विचारलं, "चहा घेणार?"

परतीच्या वाटेवर गाडीत इरा म्हणाली, "सो इट वॉझंट आजी."

"नव्हतं."

"इट वॉज यू."

"तांत्रिकदृष्ट्या कंट्रोलर होता."

"डॅड."

"मी होतो."

"यू हॅव टू टेल हर."

"सांगतो. योग्य वेळी."

"डॅड. टुडे." मग ती खिडकीबाहेर बघत सहज म्हणाली, "एनीवे, मावशीआजी हॅज हीप्स ऑफ फोटोज. शी पोस्ट्स आजोबा एव्हरी डे."

सिग्नल हिरवा होता. मी थांबलो. मागच्या गाडीने हॉर्न दिला, जो या देशात वर्षातून एकदा ऐकू येतो.

इथे एक कबुली द्यायला हवी. कुमुदमावशी आमच्या फॅमिली ग्रुपची ॲडमिन आहे. रोज पहाटे सहाला उठून ती कुठल्या ना कुठल्या फोटोवर गुलाब चिकटवून 'शुभ सकाळ' पाठवते. त्या दसऱ्याच्या आठ महिने आधी मी त्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज लिहिला होता. त्यात फोटोचा दर्जा, फोनमधली जागा आणि सर्वांच्या वेळेची किंमत असे तीन मुद्दे होते. शेवटी 'कृपया हे प्रकार थांबवावेत' असं लिहून मी ग्रुप सोडला. एवढ्यावर न थांबता आईच्या फोनमध्ये असं सेटिंग केलं की ग्रुपवर आलेलं काहीच तिला दिसू नये. गुलाबांच्या खाली कोण आहे, हे बघायचे कष्ट मी कधी घेतले नव्हते.

गाडी कडेला घेऊन मी इराचा फोन बघितला. ती महिन्यापूर्वीच ग्रुपमध्ये गेली होती, तिच्याकडे तीसेक फोटो होते. बाबा मुंजीत, वर वाफाळता कप. बाबा बँकेत, वर पोपट. प्रत्येक फोटोवर मावशीच्या बांगड्यांची सावली! म्हणजे मी तिला चहाला पाठवत होतो, तेव्हा ती चहाचं आधण ठेवून परत येऊन मी निवडलेला एकेक फोटो टिपत होती. हसतानाचा फोटो मात्र त्या तिसांत नव्हता.

घरी पोचलो तर आई खिडकीशी बसून उद्याची नेसायची साडी परत घडी घालत होती.

"आई, कुंकवानं काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "ती आपोआप बिघडली. आणि तिन्ही प्रती मी एकातच ठेवल्या होत्या. चूक माझी आहे. मी तुझ्यावर ओरडलो, ते फार वाईट केलं."

"असू दे," आई म्हणाली. "उगाच माझी समजूत काढू नकोस. मी डोळ्यांनी बघितलंय लाल झालेलं."

"आजी, ही इज टेलिंग द ट्रूथ. द मॅन सेड," इरा म्हणाली.

आईने तिच्या गालावरून हात फिरवला, पण साडीची घडी काही मोडली नाही. "उद्या केक कापू आणि जेवू," ती म्हणाली. "फोटोंचं काय एवढं."

ती माझ्यावर चिडली असती तर सोपं होतं.

दुपारचा दीड वाजला. म्हणजे साताऱ्याला सकाळचे सहा. मी मावशीला फोन लावला.

"हॅलो, मावशी, मी मिलिंद."

"कोण मिलिंद?"

"मिलिंद गं! न्यूझीलंडचा!"

"आमच्या ग्रुपमध्ये तर कुणी मिलिंद नाही."

"मावशी, ऐक ना..."

"आमचे फोटो दर्जेदार नसतात, बाळा. शिवाय तुझ्या वेळेची किंमत आहे. ठेवू?"

स्वातीने फोन माझ्या हातातून ओढून घेतला आणि तीन वाक्यांत सगळं सांगितलं. मावशीचा आवाज एकदम बदलला. "ताई जेवली का?"

"कालपासून नीट नाही."

"आहेत माझ्याकडे. सगळे आहेत. पाठवते. पण नऊला इथे लाइट जाणारेत, दिवसभर. लाइट गेले की वायफाय गेलं. आणि त्या माणसाला सांग, आधी ग्रुपमध्ये ये, सगळ्यांची माफी माग आणि रोज सकाळी उत्तर द्यायचं. फुलासकट."

मी ग्रुपमध्ये गेलो. माफी मागितली. जमशेदपूरच्या एका चुलतभावाने त्यावर अंगठा दिला, तेवढ्यानेही मला भरून आलं.

"मावशी, एक विनंती," मी हळूच म्हणालो. "बिनगुलाबाचे पाठवशील? मूळ फोटो?"

"मूळ फोटो मी पुसले."

"पुसले?"

"तूच म्हणाला होतास ना, एका फोटोच्या दोन-दोन कॉप्या ठेवून फोन भरू नका म्हणून? मुद्दा दुसरा!"

स्वातीने तोंडाला ओढणी लावली.

तर मावशी एकेक फोटो पाठवायला लागली. एकदम सगळे निवडून पाठवता येतात, हे मी तिला समजावून सांगायला गेलो, त्यात सात मिनिटं गेली आणि तिचा फोन बंद होऊन परत चालू झाला. मग मी तो नाद सोडला. टिंग. टिंग. इरा लॅपटॉपवर उतरवून घेत होती, स्वाती कागदावर रेघा मारत होती, मी घड्याळ बघत होतो. अडीच वाजता चाळीस. साडेतीनला एकशे दहा. मध्येच मावशी दूध तापायला ठेवून आली, त्यात नऊ मिनिटं! चारला एकशे सत्तर.

आई अजून तिच्या खोलीतच होती, पण दार आता अर्धं उघडं होतं.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटांनी दोनशे अकरावा फोटो आला. आईचा एक डोळा आणि अर्धं कुंकू. वर पतंग, खाली 'शुभ सकाळ'.

"पुढचा!" मी ओरडलो. "मावशी, पुढचाच तो!"

"अरे हो, तो मी वेगळा ठेवलाय, आवडता म्हणून. कुठे बरं ठेवला... थांब हं, हा नव्हे, हा नव्हे, हा सिलिंडरच्या पुस्तकाचा..."

फोन तुटला. साडेचार झाले होते.

परत लावला. लागेना. परत लावला. परत. पाच मिनिटं गेली, दहा गेली. इराने नखं खायला सुरुवात केली, मी तिला रागावलो आणि स्वतः खायला लागलो. पंधरा मिनिटं. आई दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

टिंग.

बाबा आले. पोट धरून, मान मागे टाकून, सगळे दात दाखवत. मावशीच्या बांगड्यांची सावली त्यांच्या सदऱ्यावर आणि उजव्या कानावर हा एवढा लाल गुलाब. खाली पिवळ्या अक्षरांत: 'हसत राहा. शुभ सकाळ.'

पाठोपाठ मावशीचा मेसेज: 'लाइट गेले. समोरच्या वाण्याकडे इन्व्हर्टर आहे. गाऊनवर ओढणी घेऊन आलेय. मिळाला का?'

आईने लॅपटॉप जवळ ओढला. बराच वेळ बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती.

"अहो, बघा," ती पडद्याला म्हणाली, "बायकोनं जन्मात दिला नाही गुलाब, मेव्हणीनं दिला."

मग तिने विचारलं, भात आहे का.

रविवारी सकाळी हॉलला निघताना आईने कपाटातून करंडा काढला आणि लॅपटॉपच्या पिशवीपासून दोन हात लांब उभी राहिली. "लावू?" मला म्हणाली. मी म्हटलं, लाव. तिने चिमूट घेतली, चेन नीट बंद आहे का हे स्वतः ओढून बघितलं आणि पिशवीच्या बाहेरच्या बाजूला एक बोट टेकवलं.

हॉलमध्ये भिंतभर बाबा दिसले. दोनशे बारा वेळा, गुलाब, पोपट, पतंग आणि सुविचारांसकट. 'वाणी गोड ठेवा.' 'संकटात डगमगू नका.' 'शब्द जपून वापरा.' इरा हे सगळं आमच्या शेजारच्या शॅरनला इंग्रजीत सांगत होती. शेवटचा फोटो आला तेव्हा साठ माणसं एकदम हसली आणि मग टाळ्या थांबेनात. आई पहिल्या रांगेत ताठ बसून होती. हे सगळं कायमचं जपायचं म्हणून मी मागे उभा राहून फोनवर व्हिडिओ घेत होतो. हात स्थिर, श्वास रोखलेला.

जेवणाच्या वेळी शॅरन ताट घेऊन आमच्यापाशी आली. डोळे पुसत म्हणाली, "तुझे वडील किती ज्ञानी होते! रोज असं काहीतरी बोलायचे?"

बाबा दिवसाला सरासरी चार वाक्यं बोलत, त्यातली दोन चहाबद्दल. मी खुलासा करायला तोंड उघडलं तेवढ्यात आईने माझं मनगट दाबलं. "हो म्हण," ती मराठीत म्हणाली. "तेवढं बोलले असते तर मला आवडलंच असतं." आणि ती अशी हसली की तिच्या ताटातला गुलाबजाम घरंगळून शॅरनच्या ताटात गेला. तसं हसणं मी बाबा गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन सगळ्यांना बसवलं आणि व्हिडिओ लावला.

हॉलमध्ये फोन खिशातून काढताना माझा अंगठा आधीच बटणाला लागला होता. त्यामुळे मी 'सुरू' म्हणून जे दाबलं ते बंद झालं आणि शेवटी 'बंद' म्हणून जे दाबलं ते सुरू झालं. फोटो नाहीत, टाळ्या नाहीत, केक नाही. आहे तो माझ्या पँटच्या उजव्या खिशातला सव्वीस मिनिटांचा काळोख. त्यात भांड्यांचे आवाज आहेत, शॅरनचा प्रश्न आहे, "हो म्हण" आहे, आईचं ते हसणं अगदी स्वच्छ आहे आणि मग माझा आवाज, मोठ्या आत्मविश्वासाने: "काळजी करू नकोस आई, सगळं नीट रेकॉर्ड झालंय!"

ती फाइल मी जिवापाड जपली आहे. एक प्रत लॅपटॉपवर, एक नव्या वडीत, एक स्वातीने उघडून दिलेल्या क्लाउडवर. तीन प्रती, या वेळी तीन ठिकाणी, दोनदा तपासून. चौथी मावशीकडे आहे. तिने त्या काळोखावर एक गुलाब लावून ग्रुपवर टाकली आणि खाली पिवळ्या अक्षरांत लिहिलं: 'आमचा मिलिंद. शुभ सकाळ.'